पाणचट बिअर

“वाकून ये गं,” असं बायकोला बजावत मास्तर पबात शिरले आणि स्वतःचंच डोकं चौकटीवर आपटून घेतलं. बाईंनी हसू लपवायला तोंड वळवलं.

निवृत्तीनंतर परदेशातल्या जुन्या पबांतून हिंडून तिथली बिअर चाखायची, हा मास्तरांचा फार दिवसांचा बेत. तिकिटं काढून झाली आणि डॉक्टरांनी बिअर कायमची बंद केली. जन्मात थेंब न घेतलेल्या बाईंनीच मग तोडगा काढला: मी पिते, तुम्हाला सांगते.

मास्तरांनी त्यांना पहिलीतल्या मुलीसारखं शिकवलं. आधी वास, मग छोटा घोट, लगेच गिळायचं नाही. बाई सांगत, ओलं गवत, मग करपलेला पाव, शेवटी खोकल्याचं औषध. मास्तर डोळे मिटून सरबत पीत आणि मान डोलावत.

हा पब शेवटचा. इथली बिअर तळघरातच मुरते आणि या भिंतींबाहेर जात नाही. आंबवण्याचा धडा शिकवताना मास्तर दरवर्षी हिचंच उदाहरण देत. एका पालकाने तक्रार केली, भांडण झालं, तेव्हा कुठे ते पावाच्या उदाहरणावर आले.

मालकिणीने काळपट बिअरचा ग्लास आणून ठेवला. बाईंनी वास घेतला, घोट घेतला आणि ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

“काय गं?” मास्तरांचा हात टेबलावरून सरकत ग्लासापाशी आला. “एकच घोट. नुसते ओठ ओले करतो.”

बाईंनी ग्लास स्वतःकडे ओढला.

“पाणचट आहे हो. आपल्या नळाचं पाणी बरं.”

हात जागीच थांबला. मास्तरांचा चेहरा पडला. मग हळूहळू सैल झाला. एवढ्यासाठी आपण त्या पालकाशी भांडलो, असं म्हणत ते हसले आणि हात धुवायला गेले.

परतताना ते खांबाआड थबकले. बाईंनी ग्लास तोंडावर पार उलटा धरला होता. शेवटचा थेंब पडेना, तेव्हा त्यांनी काठावरचा फेस बोटाने पुसून चाटला.

मास्तर खाकरले, सावकाश येऊन बसले आणि मालकिणीला आणखी एक ग्लास आणायची खूण केली.

“अहो, कशाला?”

“तुला नीट कळली नसेल. धडा पुन्हा घेऊ. घाई नाही.”

बाईंनी घोट घेतला, तोंडात धरला. त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“पाणचटच,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नव्हते.