इटलीची, कुर्ल्याची आणि डिलाईल रोडची

मी एक जुनी फियाट आहे. डिलाईल रोडच्या एका चाळीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, ‘तू मूळची कुठली?’ या साध्या प्रश्नाने यंदा माझा जीव टांगणीला लावला होता.

माझा आराखडा इटलीचा, पण मला जोडलं कुर्ल्याच्या कारखान्यात. परळच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरीला असलेल्या उत्तमरावांनी मला सेकंडहँड विकत घेतलं. तेव्हा विलायतीपणातच माझा सगळा रुबाब होता. “इटालियन आहे,” असं ते ऐटीत सांगत, आणि चाळीतला प्रत्येक नवरदेव माझ्यातूनच मिरवायचा. पुढे कारखान्याने माझ्या धाकट्या बहिणींचं नाव पद्मिनी ठेवलं. आता देशी गाडीचं कौतुक वाढलं, तशी उत्तमरावांनी माझी इटलीची पाटी उतरवून पद्मिनीची बसवली. इंजिन तेच, खोकलाही तोच, पण एका दुपारीत मी ‘अस्सल आपल्या देशाची’ झाले. मला मनातून हसू यायचं. दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर घेऊन मिरवणुकीच्या पुढे मात्र मीच असायचे. त्या दिवशी मला कुणी गाव विचारत नसे.

गेल्या वर्षी उत्तमराव गेले. माझ्यावर धूळ साचली, टायर बसले. त्यांचा मुलगा स्वरूप म्हणाला, “यंदा जयंतीला नीट चालली तर ठीक, नाहीतर भंगारात देऊ. नुसती जागा अडवते.”

त्यात जयंती मंडळाच्या विनीतने मोबाईलवर माझं मूळ शोधून काढलं. उत्तमरावांच्या पत्नी सखुबाई दारात तांदूळ निवडत होत्या. तो त्यांना म्हणाला, “काकी, ही तर इटलीची निघाली. मिरवणुकीच्या पुढे आपली इंडियन गाडी पाहिजे ना? माझी नवीन आहे की.”

“तुझ्या गाडीचं नाव कुठलं रे?”

“नाव इंग्लंडचं.”

“आणि कंपनी कुणाची?”

विनीतने मान खाजवली. “आता चायनावाल्यांची. पण बनते इकडेच, गुजरातला.”

“मग ही पण इकडेच बनली, कुर्ल्याला. आणि बाबासाहेब शिकले अमेरिकेत, लंडनला. त्यांना कुणी परकं म्हणतं काय?”

“तुमच्यापुढे कोण बोलणार, काकी,” विनीत म्हणाला आणि स्वतःच हार आणायला गेला.

नात पूर्वीने मला धुतलं, टायरांत हवा भरली. आजोबांनी जपून ठेवलेली इटलीची पाटी तिने पद्मिनीच्या पाटीखाली पुन्हा बसवली. मला खूप बरं वाटलं.

मिरवणूक निघाली. निळे झेंडे, ढोल, आणि पायी चालणाऱ्यांच्या चालीने मी पुढे; चाक पूर्वीच्या हाती. पण एवढ्या हळू चालीची सवय मोडलेली. चिंचपोकळीजवळ मी तापले. बॉनेटमधून वाफ निघाली तसा स्वरूपचा चेहरा पडला. भंगारवाला मला समोर दिसू लागला.

तेवढ्यात मागून विनीत धावत आला. “पूर्वी, बंद कर. निवू दे तिला जरा.” तो उन्हात माझ्याजवळ उभा राहिला, आणि मी निवल्यावर स्वतःच्या प्यायच्या पाण्याची बाटली त्याने माझ्या रेडिएटरमध्ये रिकामी केली. मी पुन्हा सुरू झाले.

मित्रांनो, भंगाराचं नाव आता घरात कुणी काढत नाही. तुमच्याही आवारात एखादी जुनी गाडी उभी असेल. ती कुठल्या देशाची, हे जरूर विचारा. पण आधी तिचं पाणी बघा.