सात छप्पन्न

धुळ्यात होडी कुठेच नाही. पांझरेला पाणी असतं चार महिने, त्यात म्हशी डुंबतात. त्यामुळे पलटणीत होड्या वल्हवलेले निवृत्त हवालदार धनसिंग गिरासे पुण्याच्या लष्करी लिलावातून होडी वल्हवायचं यंत्र घेऊन आले तेव्हा बाजारपेठेतल्या लोकांना दोन महिने पुरेल एवढी करमणूक झाली. पुण्याला केळी टाकून रिकाम्या परतणाऱ्या सावद्याच्या ट्रकमध्ये ते यंत्र आलं होतं. लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढे जाळीच्या पिंजऱ्यात पात्यांचं मोठं चाक आणि त्याला साखळी. साखळी ओढायची, चाक फिरतं, आणि माणूस जागच्या जागी दोन हजार मीटर जातो. तालमीतल्या पोरांनी एकदा ओढून पाहिलं आणि बसून करायची कसरत ही बायकांची म्हणून नाक मुरडलं. हवालदारांनी ते शब्दशः घेतलं. जिनिंग फॅक्टरीला लागून त्यांचं एक गोदाम होतं. तिथे यंत्र मांडलं आणि दुपारी दोन ते चार बायकांची वेळ ठेवली.

बायका आल्या, कारण गोदामाला दार होतं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेल्या बायकांनी धुळ्याच्या रस्त्यावर लुगडं खोचून पळायचं कुठे? पहिल्या आल्या भागाबाई, नगरपालिकेच्या सकाळच्या शाळेतल्या मास्तरीण, वय पंचेचाळीस, वजन विचारायचं नाही. त्यांच्या मागून चार-पाच जणी. आणि त्यांच्याच शेजारची सुनंदा.

सुनंदा तेव्हा तेवीस वर्षांची होती. नरडाण्याच्या छगनशी तिचं लग्न झालं आणि चार वर्षांत पाळणा हलला नाही, म्हणून त्याने तिला धुळ्याला भावाच्या घरी आणून सोडलं आणि दुसरी केली. भाऊ रतिलाल मार्केट यार्डात तोलारी, माणूस वाईट नव्हता. वहिनीचंही तोंड गोड होतं. पण दोन खोल्यांच्या घरात गोड तोंडही शेवटी अपुरं पडतं. सुनंदा शिलाई करायची. परकर, पोलकी, आणि मुख्य म्हणजे खोळी. त्या काळात धुळ्यात टीव्ही घेतला की त्याला खोळ, मिक्सरला खोळ, फ्रिजच्या दांडीलासुद्धा खोळ. सुनंदाच्या खोळीला झालर असायची आणि नाड्या अशा जागी की गाठ दिसू नये.

पहिल्या दिवशी तिने दोन हजार मीटर ओढले ते आठ मिनिटं बावन्न सेकंदांत. हवालदारांनी यंत्राच्या मीटरकडे तीनदा पाहिलं. भागाबाईंना तेवढ्यालाच बारा मिनिटं लागत होती. हवालदारांनी तिला विचारलं, तू घरी काय करतेस? ती म्हणाली, शिवते. मग म्हणाली, नरडाण्याला विहिरीचं पाणी ओढायची, साठ हात खोल.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात छगनची दुसरी बायको वारली. मागे दोन लहान पोरं. दिवाळीच्या सुमारास नरडाण्याहून निरोप आला की झालं गेलं विसरू, सुनंदाला न्यायला येतो. पोरांना आई हवी होती, घराला भाकरी हवी होती आणि सुनंदा फुकटात पडून होती, असा तो सरळ हिशोब. सुनंदाने तो निरोप ऐकून आयुष्यात पहिल्यांदा भावापुढे तोंड उघडलं, की जाणार नाही.

नेमकं तेव्हाच हवालदारांना कळलं, की एका सरकारी खात्याला वल्हवणाऱ्या बायकांचा संघ उभा करायचा आहे. जी बाई दोन हजार मीटर आठ मिनिटांच्या आत ओढेल तिला संघात घेणार, आणि संघात घेतलं की खात्यात नोकरी, राहायला जागा. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत खात्याची माणसं यंत्र घेऊन जळगावला येणार होती. वयाची अट पंचवीस. सुनंदाला त्याच एप्रिलमध्ये पंचवीस पूर्ण होत होती, म्हणजे एकच संधी आणि सव्वा वर्ष हातात. रतिलालने विचार करून सांगितलं, "नोकरी लागनी ते मी तेस्ले नही म्हणी देसू. नही लागनी ते मंग माले काही बोलू नको." नरडाण्याला त्याने कळवलं, थोडं थांबा.

आठ बावन्नवरून आठच्या आत. बावन्न सेकंद उतरवायचे होते.

आता दैव कसं खेळतं पाहा. त्याच दिवाळीत उंदरांनी यंत्राच्या मीटरची वायर खाल्ली. सुटा भाग परदेशातून यायचा, म्हणजे यायचाच नाही. हवालदारांनी हार मानली नाही. मीटर चालू असताना त्यांनी एकदा मोजून ठेवलं होतं, की दोन हजार मीटरला चाकाचे फेरे किती होतात. आग्रा रोडवरच्या सायकलवाल्या झिपरूने चाकाला फेरे मोजणारा काटा बसवून दिला. काटा ठरलेल्या आकड्याला आला की हवालदार स्टॉपवॉच दाबणार आणि भागाबाई भिंतीवर खडूने वेळ लिहिणार. बिनमीटरचं काम बिनबोभाट सुरू झालं.

जिनिंग सुरू झालं तशी रुईच्या बारीक तंतूंची फूस गोदामात उडू लागली. डोक्यावर, पापण्यांवर, पाण्याच्या माठावर पांढरं पांढरं. चाकाच्या जाळीत ती गुंतायला लागली तेव्हा सुनंदाचा जीव कळवळला. ते यंत्र आता तिचं सर्वस्व होतं. तिने जाड मांजरपाट आणून पिंजऱ्याचं माप घेतलं आणि चार दिवसांत खोळ शिवली. साखळीपुरती फट ठेवली, कड दुहेरी दुमडली, खाली निळी झालर. खोळ इतकी नेमकी बसली, की काढायची गरजच नव्हती, ती घालूनच यंत्र चालवता यायचं. हवालदार कौतुकाने म्हणाले, पलटणीत असा शिंपी नव्हता.

आणि आकडे उतरू लागले. आठ चव्वेचाळीस. आठ छत्तीस. मकरसंक्रांतीला आठ सव्वीस. फक्त सुनंदाचेच नाही. भागाबाई बारावरून अकरावर आल्या, मग दहा चाळीसवर, आणि ही बातमी त्यांनी शाळेतल्या मुख्याध्यापकांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगितली. त्यांच्या मते ही सगळी मेथीच्या लाडवांची करामत. हवालदारांच्या मते शिस्तीची. उन्हाळ्यात आकडा अडला तेव्हा सगळ्यांनी उन्हाला दोष दिला, आणि दिवाळीनंतर शेजारचं जिनिंग पुन्हा धडधडायला लागल्यावर आकडा पुन्हा उतरला तेव्हा थंडीचे आभार मानले. खोळीवर बोटभर जाड फूस बसली होती. ती कोणी झटकली नाही, कारण ती बाहेरच्या बाहेर राहत होती, म्हणजे खोळ आपलं काम चोख करत होती. पाच-सहा बायका एकदम सुधारतात तेव्हा कुणालातरी शंका यायला हवी होती. पण चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतं? गावजेवणात कोणी आचाऱ्याचं नाव विचारत नाही.

सुनंदाने मात्र खरंच जीव काढला होता. तळहातांचे फोड फुटून त्यांची जाड कातडी झाली, ओढून झाल्यावर ती बैठकीवरून खाली फरशीवर लोळायची आणि भागाबाई तिच्या तोंडावर पाणी मारायच्या. जानेवारीच्या शेवटी भिंतीवर आकडा पडला, सात छप्पन्न. भागाबाईंनी तो एवढा मोठा लिहिला की खडू मोडला. सुनंदा त्या रात्री झोपली ती नरडाण्याचं स्वप्न न पडता. वहिनीला तिने सांगितलं, पहिल्या पगारात तुला पैठणी नाही, पण चांगली इरकल घेईन. वहिनी म्हणाली, आधी लाग. पण तीही हसली.

जळगावला हवालदार आणि ती सकाळच्या एसटीने गेले. एका मोठ्या हॉलमध्ये खात्याचं यंत्र ठेवलं होतं. नवं, चाक उघडं, जाळी चकचकीत. आसपासच्या जिल्ह्यांतल्या नऊ मुली आल्या होत्या. सुनंदाचा नंबर चौथा.

पहिल्याच ओढीला तिला वाटलं, चाक कुणीतरी मागून धरून ठेवलंय. तिने जोर वाढवला. तिला सवय होती ती चाक हलकं होऊन हातातून निसटत जाण्याची, आणि हे चाक हलकं होईना. प्रत्येक ओढीला नव्याने उचलावं लागत होतं. समोर खरं मीटर होतं आणि त्यावर खरे आकडे पडत होते. अर्ध्या अंतरावरच तिला कळलं, की काहीतरी फार मोठं चुकलंय. तरी तिने सोडलं नाही. शेवटचे तीनशे मीटर तिने डोळे मिटून ओढले, कारण आकडा बघवत नव्हता.

आठ मिनिटं चव्वेचाळीस सेकंद.

पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाई सभ्य होत्या. त्यांनी यादीत हवालदारांनी आधी कळवलेला आकडा पाहिला आणि सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्याकडे यंत्र कसं आहे, चाक मोकळं असतं ना? म्हणाल्या, यात ओझं चाकाचं नसतं, वाऱ्याचं असतं. जाळीतून वारा आत जातो, पाती तो कापतात, म्हणून ओढायला जड लागतं. वारा अडला की चाक रिकामं फिरतं. मीटर असेल तर ते सांभाळून घेतं, पण नुसते फेरे मोजले तर फसायला होतं.

सुनंदाने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की चाकाला मी खोळ शिवली आहे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यानेच सुनंदाला रडू फुटलं.

परतीची गाडी पारोळ्याला थांबली. स्टँडवर हवालदारांनी चहा घेतला, तो हातात तसाच निवला. ते म्हणाले, की चूक माझी, मी पाण्यावरचा माणूस, पाण्यात वल्हं जड लागतं ते पाण्यानं, एवढं जाणणाऱ्याला हे सुचू नये? सुनंदाने त्यांना गप्प केलं नाही आणि दोषही दिला नाही. ती मनात मोजत होती. आठ बावन्नवरून आठ चव्वेचाळीस. बाकी सगळं तिच्या हाताच्या शिलाईने उतरवलं होतं. याच गतीने आठ मिनिटांवर यायचं तर अजून सात-आठ वर्षं लागणार होती. वयाची अट संपायला दोन महिने.

घरी रतिलाल ओट्यावर वाट बघत बसला होता.

"भाऊ, नही व्हयनं."

"थोडंसं ऱ्हायनं का?" त्याने विचारलं. त्याला खरंच आशा होती, हे तिला दिसलं आणि तेच तिला सहन झालं नाही.

"नही. भू ऱ्हायनं."

खूप राहिलं म्हटल्यावर तो ओट्यावरून उठला. मग आत जाऊन बायकोला म्हणाला, की नरडाण्याला गुरुवारचं कळवतो. सुनंदाने ठरल्याप्रमाणे काही बोलायचं नव्हतं, ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदामात गेली आणि नाड्या सोडून खोळ काढली. फुशीचा एक अख्खा थर जमिनीवर पडला, गादीच्या तुकड्यासारखा. भागाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सुनंदाने त्यांना सगळं समजावून सांगितलं, वारा, पाती, फेरे. मास्तरीणच त्या, एकदा सांगून कळलं. त्यांनी भिंतीवरचे आपले आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, नऊ अठ्ठेचाळीसपर्यंत. मग पदराने चष्मा पुसला.

"बांधी दे माय परत," त्या म्हणाल्या. "माले कोनता जळगावले जानं शे?"

सुनंदाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी प्रगती केली होती आणि साऱ्या गल्लीला सांगितली होती. सुनंदाला तिचा राग आला आणि पाठोपाठ फार वाईट वाटलं. तिने खोळ झटकली, नीट बसवली आणि नाड्या बांधल्या, गाठ आत. भागाबाई बैठकीवर बसल्या आणि ओढू लागल्या.

गुरुवारी सकाळी छगन जीप घेऊन आला. जाडा झाला होता. धाकटं पोर त्याच्या कडेवर होतं, नाक वाहत होतं, आणि ते सुनंदाकडे टकामका बघत होतं. वहिनीने तिची ओटी भरली. रतिलालने ट्रंक उचलून जीपमध्ये ठेवली आणि कारण नसताना ती दोनदा सरळ केली.

हवालदार आले ते दाढी न करता. दीड वर्षात कोणी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. ते जीपपासून लांबच उभे राहिले. सुनंदाच त्यांच्याजवळ गेली.

"नाना, आठ सेकंद ते खरा व्हतात ना?"

"खरे होते, बेटी," हवालदार म्हणाले. "आठ सेकंद तुझे आहेत. ते कुणाच्या बापाचे नाहीत."

तिने मान हलवली. पुन्हा एकदा मान हलवली, आणि जीपमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसली. छगनने पोर तिच्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसत विचारलं, की ते आठ सेकंद कसले?

"काही नही," सुनंदा म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून कडेला सरकली.