मांगं बसाले कोण हाये

पुंडलिकरावांनी मोटरसायकलची समोरची काच दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली आणि नापसंतीने मान हलवली.

“लय हालते जावईबापू. बदलवाच लागते.”

“हालंनच मामाजी. ही गावातल्या गावात फिराची काच होय. महाडपर्यंत टिकते थोडी!” रुपेश ओट्याच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसला होता. “ही पाहा. उंच हाये, धुरकट हाये. तुमाले शोभून दिसन.”

“धुरकट घेतली त मी दिसन कोणाले? साधी पाहा, बावा.”

दोघेही हसले. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली पौर्णिमा त्यांचं हसू ओसरेपर्यंत उंबऱ्यातच थांबली.

समुद्रपूरचं हे घर तिचं माहेर. पण गेल्या दिवाळीपासून, म्हणजे पंचायत समितीतून निवृत्त होऊन तीन वर्षांनी बाबांनी ही गाडी घेतल्यापासून, रविवारी इथे वाट पाहिली जायची ती तिच्या नवऱ्याची, रुपेशची. निम्मी शर्यतीची आणि निम्मी लांबच्या प्रवासाची अशी ती निळी गाडी होती. मार्चमध्ये चवदार तळ्याला जायचं, बाबांनी या गाडीवर आणि रुपेशने त्याच्या गाडीवर, असं दोघांचं ठरलं होतं. त्यासाठी एकेक सुटा भाग शोधून, पारखून, मागवून चढवणं चालू होतं. हँडल उंच करायच्या ठोकळ्यांनी बाबांची पाठ आता दुखत नव्हती. दोन्ही बाजूंच्या पेट्यांसाठी लोखंडी चौकट नागपूरहून बसवून आणली होती. प्रत्येक वस्तूच्या आधी दोन डोकी एका मोबाइलवर वाकायची. त्या दोन डोक्यांच्या मागे उभं राहून पौर्णिमाला फक्त बाबांचा विरळ झालेला माथा दिसायचा.

या वेळी मात्र ती तयारीने आली होती. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, निबंध तपासायचे बाजूला ठेवून, तिने आठवडाभर काचांबद्दलच वाचलं होतं.

“बाबा,” चहा देत ती म्हणाली, “काच फार उंच घेतली तर तिच्यावरून येणारा वारा नेमका हेल्मेटवर आदळतो. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत असावी. म्हणजे रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसतो.”

बाबा सरळ उभे राहिले. हातातलं फडकं त्यांनी घडी करून सीटवर ठेवलं.

“होय. तुझं म्हणणं योग्य आहे, पौर्णिमा. आपण त्या दृष्टीने विचार करू.”

रुपेश चपलेचा अंगठा पाहू लागला. बशीत चहा ओतल्याचा आवाज तेवढा झाला. गप्पा चांगल्या रंगल्या होत्या. आपण आलो आणि सभा सुरू झाली, हे तिला कळलं.

हे आजचं नव्हतं. ती चौथीत असताना वर्ध्याला वक्तृत्व स्पर्धेत “मले असे वाटते” म्हणाली आणि परीक्षकांसकट अख्खा हॉल हसला. बाबा मागच्या रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, “पौर्णिमा, तुला दूध हवे आहे का?” त्या दिवसापासून बापलेकीत ‘मले’ आणि ‘तुले’ बंद झालं. रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून त्यांनी ती भाषा कमावली, एकट्या तिच्यासाठी. आई होती तोवर आईशी आणि बाकी सगळ्या जगाशी ते आपल्या बोलीतच बोलत. तिच्याशी बोलताना मात्र न कुठे आणि ण कुठे याची त्यांना इतकी धास्ती असायची, की जिथे नको तिथेही ते ण लावत. मनाला ते मण म्हणत. पौर्णिमा पुढे मराठीची प्राध्यापक झाली, तरी तो ण तिने कधी दुरुस्त केला नाही.

“काच त झाली,” थोड्या वेळाने रुपेश म्हणाला. “आता एकच राह्यलं मामाजी. मागच्या सीटले टेका लावाचा, का हेल्मेटमंदी बोलाचं यंत्र घ्याचं? जोडीत येते ते. तुमच्या कानात एक, माह्या कानात एक. चालत्या गाडीवर गप्पा.”

“टेका कशाले?” बाबा पुन्हा गाडीपाशी वाकले होते. “मांगं बसाले कोण हाये? यंत्रच घ्या. तुमी मांगं पडले का आवाज देता येते मले.”

पौर्णिमाने रिकाम्या बशा एकात एक रचल्या. जरा जास्तच आवाज झाला.

निघताना बाबा फाटकापर्यंत आले. “येजा जावईबापू. पार्सल आलं का फोन करजा.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “सावकाश जा. तू आलीस की माझं मण प्रसन्न होतं.”

सत्काराला उत्तर द्यावं तसं. तिने मान हलवली आणि कारमध्ये बसून काच वर केली.

मंगळवारी सकाळी बाबा अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालता घालता खाली बसले, ते उठलेच नाहीत. शेजारच्यांनी फोन केला तो रुपेशला. “मामाजी?” एवढंच तो म्हणाला, आणि स्वयंपाकघरातल्या पौर्णिमाला त्याच्या आवाजावरून कळलं.

त्या दिवशी रुपेश त्या निळ्या गाडीच्या टाकीवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. बाया त्याच्याभोवती जमल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. “पोरापरीस जास्त लावला जीव जावयानं,” शेजारच्या जयवंताकाकू म्हणाल्या. पौर्णिमा बाबांच्या उशाशी होती. भंतेजींच्या मागोमाग तिने त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. तिचा एकही उच्चार चुकला नाही. डोळेही कोरडेच राहिले. रडणारा माणूस दिसत होता, आणि तो ती नव्हती. त्या गर्दीत, बाबांच्या देहापाशी बसून, आपल्याला आपल्या नवऱ्याचा मत्सर वाटतो आहे हे तिला स्वच्छ कळलं आणि तिने ओढणी दातांत घट्ट धरली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून ती दोघं वर्ध्याजवळ पिपरी मेघेला, आपल्या घरी परतली, तर शेजाऱ्यांनी घेऊन ठेवलेलं पार्सल वाट पाहत होतं. रुपेशने वरची पट्टी वाचली आणि खोकं तसंच कपाटावर ठेवून दिलं. दोन दिवस ते तिथेच होतं. तिसऱ्या दिवशी पौर्णिमाने भाजीच्या सुरीने ते उघडलं. आत हेल्मेटमधल्या यंत्राचे काळ्या रंगाचे दोन सारखे संच, एकमेकांकडे तोंड करून बसलेले.

“गाडी आणायला कधी जायचं?” तिने विचारलं.

“रविवारी जाईन म्हणतो.”

“मीही येते. येताना मागे बसेन.”

रुपेशने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ती त्याच्याही गाडीवर कधी बसली नव्हती.

रविवारी दोघं एसटीने समुद्रपूरला गेली. बाबांचं हेल्मेट दिवाणखान्यात खुंटीला होतं. यंत्र बसवायला पौर्णिमा ओट्यावर बसली. आतलं अस्तर सोडवलं तेव्हा खोबरेल तेलाचा वास आला. तारा अस्तराखालून कशा न्यायच्या ते तिने एकदा वाचलं आणि बसवून टाकलं. रुपेशला त्याच्या हेल्मेटमध्ये तेच करायला बराच वेळ लागला. शेवटी तिने त्याच्या हातून ते घेतलं.

हेल्मेट तिला सैल होत होतं. मागे टेका नव्हता, म्हणून तिने एक हात रुपेशच्या खांद्यावर आणि दुसरा पेटीच्या चौकटीवर ठेवला. गाडी फाटकाबाहेर पडली.

“ऐकू येऊन राह्यलं काय?” त्याचा आवाज अगदी कानात आला. ती दचकली.

“येतंय.”

जामच्या चौकात त्याने गाडी वर्ध्याकडे वळवली. दोन्हीकडे उलंगवाडी होऊन, कापूस वेचून रित्या झालेल्या पराट्या उभ्या होत्या. बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता. काचेवरून येणारा वारा रुपेशच्या हेल्मेटवर धडधड आदळत होता. नवी काच बसवायची राहूनच गेली होती. बोलायचं असेल तर कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं.

“रुपेश.”

“हं.”

“बाबा म्हणाले होते, मागे बसायला कोण आहे. मी तिथेच उभी होते. मला ऐकवायला म्हणाले का?”



“नाई वं. मी त्यायले म्हटलं होतं, पौर्णिमाले घ्या ना संग. दोनदा म्हटलं.”

“मग?”

“जाऊ दे ना आता.”

“सांग.”

“म्हणे, जावईबापू, महाडपावतर शुद्ध बोलणं जमन काय मले? एक दिवस निभावतो कसातरी. पोरगी मराठीची प्रोफेसर. तिच्यासमोर मले पेपराले बसल्यावानी होते.” त्याने गिअर बदलला. “हासूनच म्हणे. पण मंग लय वेळ ते चाक पुसत राह्यले. पुसलेलंच चाक.”

पौर्णिमाचा हात चौकटीवरून सुटला आणि पुन्हा घट्ट बसला.

“पौर्णिमा? ऐकू येते ना?”

त्याने वेग कमी केला. मागून आलेला एक ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. तिने हेल्मेटची काच खाली ओढली. आत खोबरेलाचा वास होता आणि तिचाच श्वास. आवाज बंद करायचं बटण डाव्या कानाशी आहे, हे तिनेच वाचलं होतं. तिचं बोट तिथवर गेलं, क्षणभर थांबलं आणि खाली आलं.

‘मले’ हा शब्द जिभेवर अडला. चौथीनंतर तो तिने उच्चारलाच नव्हता.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मले बी घेऊन चाला ना. माह्यं लय मन होतं.”