पाहुण्यांचं पाणी

अकरा दिवसांतला हा एकेचाळिसावा कॅन. प्रसीताने दुखरं मनगट चोळलं आणि निळ्या कॅनमध्ये मोजून आम्ल सोडलं. पाणी आंबट झालं की विषाणू गाळणीच्या पापुद्र्याला चिकटतात. मग अल्कधर्मी द्रावाने त्यांना सोडवून घ्यायचं. दहा लिटरांतले विषाणू असे अर्ध्या पेल्यात गोळा होतात आणि मग यंत्राला ते सापडू शकतात.

कॅन कल्याणी अम्माच्या विहिरीचा होता. त्या गल्लीत पाच जणांना कावीळ झाली होती आणि रविवारी अम्माच्या नातीचं लग्न होतं. सहाशे पानं. सरबतापासून सांबारापर्यंत सगळं त्याच विहिरीच्या पाण्यावर. पंचायतीला शुक्रवारी अहवाल हवा होता. आज बुधवार.

पाणी गाळताना किंचित पिवळं दिसलं. पाचोळ्याच्या विहिरीचं दिसतंच तसं. प्रसीताने पापुद्र्यावर द्राव ओतला आणि खालच्या भांड्याकडे बघत राहिली. थेंब लालभडक पडत होते.

"बिजेश!" तिने हाक मारली. नमुने आणणारा बिजेश प्रयोगशाळेच्या दारातच पाय पसरून बसला होता. "हे पाणी तूच उपसलंस ना?"

"हो चेची." तो तिला ताईच म्हणायचा.

"माझ्याकडे बघून सांग."

"म्हणजे, दोर मीच धरला होता. पण अम्मा ओरडली, 'लग्नघरी येऊन रहाट ओढतोस? बस, चहा घे.' चहा संपेपर्यंत तिनेच कॅन भरून आणला."

"कुठून?"

"आतून."

"विहीर काय तिच्या स्वयंपाकघरात आहे?"

बिजेशने पसरलेले पाय आखडून घेतले. प्रसीताला हसावं की रडावं कळेना. पतिमुखमचं लाकूड घालून उकळलेलं पाणी. आम्लात पिवळं, अल्कधर्मी द्रावात लाल. तिच्या आईच्या घरीही पाहुण्याला दुसरं पाणी देत नसत.

ती स्टुलावर बसली. टेबलावर अहवालाचा कोरा फॉर्म होता. या कॅनमध्ये विषाणू आढळला नाही, असं लिहिलं असतं तर त्यातला एक शब्दही खोटा ठरला नसता; उकळलेल्या पाण्यात विषाणू सापडणारच नव्हता. घरी जाऊन झोपता आलं असतं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"आत्ता? चेची, दीड तास जायला, दीड तास यायला."

"चहा प्यायला वेळ होता ना तुला?"

मांडवाच्या बांबूंमधून वाट काढत दोघं विहिरीपाशी पोचली. अम्मा गुलाबी पाण्याचा पेला घेऊन समोर आली.

"मोळे, माझ्या पोरी, कालच तर दिलं होतं पाणी. चांगलं उकळलेलं."

"अम्मा, मला न उकळलेलं हवंय. विहिरीतलं."

"कच्चं पाणी? सरकारी माणसाला? शेजारी काय म्हणतील?"

"मी पिणार नाही."

"तेच तर! पिण्याजोगं नाही, तर तपासायला तरी कशाला न्यायचं?"

प्रसीताने पेला पिऊन रिकामा केला, तेव्हा अम्माचं समाधान झालं, आणि मग तिने स्वतः रहाट ओढला. दुसऱ्याच बादलीला मनगटातून कळ गेली. बिजेशने दोर आपल्याकडे घेतला.

संध्याकाळी पुन्हा आम्ल, पुन्हा गाळणी, पुन्हा द्राव. या वेळी थेंब बिनरंगी पडले. गोळा झालेला द्राव साका बसायला रात्रभर ठेवला. गुरुवार त्यातच गेला. शुक्रवारी दुपारी यंत्राच्या पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवी पडून होती. तापवण्या-निववण्याच्या तिसाव्या फेरीनंतर ती हळूहळू वर चढू लागली.

प्रसीताने पंचायतीला अहवाल पाठवला आणि मग अम्माला फोन लावला.

"तुमच्या विहिरीत काविळीचा विषाणू आहे, अम्मा."

पलीकडे कुणीतरी भांडी आपटत होतं.

"लग्न मोडायचं?"

"नाही. टँकर मागवा. तो येईपर्यंत प्रत्येक थेंब उकळा. सरबताचा, बर्फाचा, भांडी विसळायचासुद्धा."

"मी उकळतेच गं. आचारी उकळत नाहीत. म्हणतात, एवढ्या माणसांचं कोण उकळत बसणार."

"मग?"

"मग काय! त्यांना पाहुणे कसे सांभाळायचे ते आता मी शिकवते." फोन ठेवायच्या आधीच ती कुणावर तरी ओरडू लागली.

प्रसीताने मनगटाला पट्टी गुंडाळली आणि बेचाळिसाव्या कॅनचं झाकण उघडलं. आधी वास घेऊन बघितला, हेही कुणाच्या स्वयंपाकघरातलं तर नाही ना.