सगळ्या गाड्यांची एकच बॅटरी

जावयाने जेवताना फुशारक्या मारू नयेत असा काही कायदा नाही, पण असायला हवा. आमचे जावईबापू दवाखान्याच्या गॅरेजचे मुख्य. पेशंटना घरून आणायच्या आणि परत सोडायच्या गाड्या त्यांच्या ताब्यात. पहिला घास पोटात जायच्या आत यांचं सुरू, "आई, माझ्या हाताखाली एकही गाडी बंद पडत नाही!"

बंद पडेल कशी? बंद करतंय कोण! एक सोडली तर बाकी सगळ्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या. सकाळी त्या एकीवरून वायर लावून एकेक गाडी चालू करायची आणि संध्याकाळपर्यंत इंजिन थांबवायचंच नाही, ही यांची रीत. ड्रायव्हर जेवायला बसले तरी गाड्या आपल्या घरघरत उभ्या. नव्या बॅटऱ्यांसाठी जावईबापू कधीचे साहेबांच्या मागे लागले होते. शेवटी साहेब म्हणाले, "बॅटऱ्या मंजूर करून ठेवतो. पण आधी येऊन बघणार, गरज दिसली तरच देणार."

साहेब आले त्याच दिवशी माझ्या डोळ्याची पट्टी बदलायची होती. ती बदलून मी घरी जायला शेवटच्या गाडीत बसले. शेजारी एक मास्तर, पाय प्लास्टरमध्ये. सगळ्या गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या आणि नवल म्हणजे सगळ्या गप्प.

म्हटलं, "बरं झालं, जावईबापू. साहेब चावी फिरवतील, गाडी खोकणारसुद्धा नाही. बॅटऱ्या मिळाल्याच म्हणून समजा."

"भलतंच काय, आई! साहेबांसमोर गाडी चालू झाली नाही तर माझी अब्रू काय राहील?"

"अहो, पण मागायचंय तुम्हाला!"

"मागायचंय, पण ताठ मानेने."

साहेब आले. पहिल्या गाडीची चावी फिरवली, गाडी झटक्यात चालू. बंद केली. "चहा घ्या, साहेब," म्हणून वॉचमन त्यांना पलीकडे घेऊन गेला. साहेबांची पाठ फिरली तशी जावईबापूंनी बॉनेट उघडलं, पान्याने वायरी सोडवल्या, बॅटरी बादलीत घातली, वर फडकं टाकलं आणि पोटुशी बाई चालावी तसे जपून जपून दुसऱ्या गाडीकडे गेले. दुसरी चालू झाली तेव्हा साहेबांना जुन्या टायरांत लावलेली फुलझाडं दाखवली. तिसरीनंतर नवा नळ. नळात बघण्यासारखं काय असतं देव जाणे, पण साहेबांनी तोही निरखून पाहिला. माझा एक डोळा पट्टीखाली होता, दुसऱ्याने मी सगळं बघत होते.

शेवटी आमची गाडी. तीही चालू झाली. ती बंद करून साहेब खिडकीशी वाकले. "काय आजी, गाडी कशी आहे?"

"झकास! फक्त हिचा जीव बादलीतून येतो."

साहेब पोट धरून हसले. "आजी गमतीच्या आहेत हं!" घामाने निथळणारे जावईबापू त्यांच्याहून मोठ्याने हसले. मास्तरही हसले बिचारे.

साहेबांनी जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली. "अशी निगा मी कुठेच पाहिली नाही. तुम्हाला कशाला हव्यात बॅटऱ्या? त्या दुसऱ्या दवाखान्याला देऊन टाकतो."

जावईबापूंचा चेहरा पडला, पण थाप पडलेली पाठ ताठच राहिली.

मग साहेब आपल्या गाडीत बसले. इतका वेळ त्यांचा ड्रायव्हर आत गाणी ऐकत पडला होता. चावी फिरवली, टक. पुन्हा फिरवली, टक.

वायर लावून दिली असती तरी भागलं असतं. पण कौतुक डोक्यात गेलं होतं ना! "वायर कशाला, साहेब? वाटेत दगा देईल. आमचीच घेऊन जा. आमच्याकडे काय, ढीग आहे!" आणि आमचं बॉनेट उघडून ती एकुलती एक जिवंत बॅटरी त्यांनी साहेबांच्या गाडीत बसवून दिली. साहेब हात हलवत फाटकाबाहेर गेले.

मास्तरांनी विचारलं, "आता निघायचं ना?"

आमचा ड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघत राहिला. जावईबापू रिकामी बादली घेऊन खिडकीशी आले आणि मला म्हणतात कसे, "बघितलंत ना, आई? साहेबांनी केवढा मान दिला!"

मी पदर सावरून खाली उतरले.

"दिला हो, भरपूर दिला. आता तो मान बॉनेटमध्ये बसवा आणि या मास्तरांना घरी सोडून या. मी चालत जाते."