चोवीस सेलची टॅक्सी

१९९४ सालची ही गोष्ट. त्या वर्षी टेलिफोन एक्सचेंजमधली बॅटरीखोली बंद झाली आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी टॅक्सीवाल्याची टॅक्सी बंद केली. दोन्ही घाव एकाच घरावर पडले, कारण बॅटरीखोली सांभाळणारी बाई आणि टॅक्सीवाला हे नवरा-बायको होते.

एक्सचेंजमध्ये तिला सगळे बॅटरीबाईच म्हणत. तळघरात लाकडी घोड्यांवर जाड रबरी डब्यांतले सेल ओळीनं मांडलेले असत आणि गावातले सगळे टेलिफोन त्यांच्या जिवावर चालत. रोज सकाळी एकेका सेलचं बूच काढायचं, काचेची नळी बुडवून आतल्या ॲसिडचा दाटपणा बघायचा, पाणी उतरलं असेल तर घालायचं आणि आकडा पाटीवर लिहायचा. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं. ॲसिडच्या शिंतोड्यांनी तिचा एक कपडा धड राहिला नव्हता. उन्हात उभी राहिली तर तिच्या सावलीलासुद्धा भोकं पडलेली दिसत. मग नव्या, तोंड बंद असलेल्या बॅटऱ्या आल्या. त्यांना पाणी लागत नव्हतं, म्हणजे बॅटरीबाईही लागत नव्हती.

टॅक्सीवाल्याची तऱ्हा वेगळी. तीस वर्षं धूर खाऊन त्याच्या छातीची चाळण झाली होती. डॉक्टर म्हणाले, "पेट्रोलचा वास आणि धूर, यापुढं अजिबात नको." टॅक्सी दारासमोर उभी राहिली. पण टॅक्सीवाला रोज सकाळी दाढी करायचा, काचा पुसायचा आणि आत जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. जेवायच्या वेळी बरोबर लांबच्या फेरीवरून आल्यासारखा घरात यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती हे बघायची.

तिचं स्वतःचंही एक दुखणं होतं, पण ते डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. लग्न होऊन ती या गावात आली ती घाटावरून, बसनं. वयानं एकोणीस. घाटमाथ्यावर बस वळली तेव्हा खाली एकदम तळं दिसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पाणी. शेजारी बसलेला नवरा, ज्याच्याशी अजून चार शब्दही बोलून झाले नव्हते, तो म्हणाला, "इथं आपण परत येऊ. निवांत बघू." तेवढ्यात बस उताराला लागली. पुढच्याच वर्षी डोंगराला वळसा घालणारा खालचा रस्ता झाला आणि बस तिकडून जायला लागली. माथा घरापासून फक्त चौदा किलोमीटर. पण तेहतीस वर्षांत ती पुन्हा तिथं गेली नव्हती. कधी गिऱ्हाईक असायचं, कधी टायर नसायचा, कधी नुसतंच "पुढच्या रविवारी."

आणि आता टॅक्सीच बंद पडली होती.

तिचा धाकटा भाऊ गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा. फोर्कलिफ्ट म्हणजे पोती-खोकी उचलणारी, विजेवर चालणारी गाडी. एका रविवारी तो चहा पिता पिता म्हणाला, "ताई, भंगारात एक फोर्कलिफ्ट निघालीय. सांगाडा वाकलाय, पण मोटर ठणठणीत आहे. अठ्ठेचाळीस व्होल्टची."

"म्हणजे माझे चोवीस सेल," ती म्हणाली.

मग दोघंही खिडकीतून बाहेर टॅक्सीकडे बघायला लागले. त्या काळी विजेची मोटार विकत घेणं पैसेवाल्यांनाही सुचलं नसतं. यांच्यापाशी तर भंगाराशिवाय दुसरं काही नव्हतंच.

भंगारवाल्यानं मोटर दाखवली आणि विचारलं, "कशाला पाहिजे बाई? विहिरीवर बसवणार?"

"टॅक्सीत."

भंगारवाला तिच्याकडे बघत राहिला. "टॅक्सीवाल्यानं तुम्हाला फार छळलंय का हो?"

एक्सचेंजच्या साहेबांनी जुने सेल वजनावर काढायची परवानगी दिली. अठ्ठेचाळीस होते, त्यातले चोवीस तिनं निवडले. "अकरा नंबर नको, तो फार वर्षं कुरकुरतोय. एकतीस घे. सदतीसला हात लावू नकोस, तो वरून छान दिसतो पण आतून गेलाय."

"ताई, सेल निवडतेस की सून?" भाऊ म्हणाला.

इंजिन काढलं त्या दिवशी टॅक्सीवाला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "त्या मोटरला आधार खालून द्या, नाहीतर खड्ड्यात गचकेल," आणि मग खुर्ची टाकून रोज समोर बसायला लागला. लेथवाल्यानं जाड पत्र्याची तबकडी कातून मोटर गिअरबॉक्सला जोडून दिली. मागची सीट काढून तिथं आणि डिकीत सेल बसवले. फोर्कलिफ्टचाच वेगाचा तीन पायऱ्यांचा स्विच घेतला, तिचाच चार्जर घेतला. सेल एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या बॅटरीबाईनं स्वतःच्या हातानं आवळल्या. त्या कामाला ती भावालाही हात लावू देत नसे. चार महिने असे गेले.

पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्यानं पहिला गिअर टाकला, स्विच दाबला आणि टॅक्सी सुळकन मागं जाऊन पाण्याच्या पिंपावर आदळली.

"पहिला टाकला होता हो मी!"

भावानं कपाळाला हात लावला. फोर्कलिफ्टला पुढं-मागं सारखंच, त्यामुळे मोटर कुठल्या बाजूला फिरते हे बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. "दाजी, म्हणजे आता तुमच्या गाडीला रिव्हर्सचे चार गिअर आणि पुढं जायला एक."

"माझ्या सासरचं कामच असं," टॅक्सीवाला म्हणाला, आणि इतका हसला की खोकल्यानं त्याचा जीव कासावीस झाला. भावानं दोन तारा उलट्या केल्या आणि काम भागलं.

गाडी पुढं चालायला लागली. आवाज नाही, वास नाही. टॅक्सीवाल्यानं गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, दारासमोर थांबला आणि काच खाली करून तिला म्हणाला, "बोला, कुठं जायचं?"

मागची सीट नव्हतीच. ती पुढं त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "घाटावर."

"एकदम घाट? बाजारापर्यंत बघू आधी."

"चौदा किलोमीटर सेल ओढतील. हिशेब केलाय मी."

"आणि येताना?"

"ते तुम्ही सांगा."

"येताना काय, दारापर्यंत उतारच आहे," तो नाइलाजानं म्हणाला. "इंजिन बंद करून शेकडो वेळा आलोय." मग कुरकुरत राहिला, पण शेवटी पुढच्या रविवारी दुपारी जेवून दोघं निघाली. भावानं ब्रेक दोनदा तपासून दिले होते.

तिच्या मांडीवर काचेची नळी होती आणि नजर व्होल्टमीटरच्या काट्यावर. चढ लागला तशी गाडी बैलगाडीच्या चालीनं जायला लागली. रस्ता रिकामा होता. दहा किलोमीटर बरे गेले. अकराव्याला काटा झपकन खाली आला.

"थांबा," ती म्हणाली.

"चढावर कोण थांबतं?"

"थांबा म्हणते ना. दमलेल्या सेलकडं अर्धा तास काही मागितलं नाही, की तो परत थोडा जीव धरतो."

त्यानं गाडी कडेला घेतली. तिनं उतरून चाकाखाली दगड लावला. तो म्हणाला, "माझ्यासारखीच झाली म्हणायची."

"तुमच्यापेक्षा बरी. सांगितलेलं ऐकते."

अर्ध्या तासानं गाडी खरंच निघाली. दीड किलोमीटर गेली आणि पुन्हा बसली. पुन्हा दगड, पुन्हा अर्धा तास. एवढा वेळ एका जागी, एकमेकांशेजारी, काही काम नसताना ती दोघं कधी बसली नव्हती. आधी सेलबद्दल बोलली, मग भावाबद्दल, मग एक्सचेंजच्या साहेबांच्या टकलाबद्दल. तिसऱ्यांदा गाडी थांबली ती शेवटच्या वळणाच्या अलीकडे. माथा दोनशे पावलांवर होता. ऊन कलायला लागलं होतं. आणि आता टॅक्सीवाला बोलेना.

"छाती दुखतेय का?"

"नाही." त्यानं स्टिअरिंगवरून बोट फिरवलं. "वर भिंत आहे."

"कसली भिंत?"

"कुठल्यातरी कंपनीचं विश्रामगृह आहे. सगळा माथा घेतलाय. रस्त्यावरून पाणी दिसत नाही. नऊ वर्षं झाली."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तू चार महिने ते सेल उचलत होतीस. कुठल्या तोंडानं सांगू?"

"बरं. ही नऊ वर्षं झाली. त्याच्या आधीची चोवीस?"

"त्याचं काही सांगण्यासारखं नाही. वाटायचं, तळं कुठं पळून जातंय. आणि तू तरी कुठं जातेस."

"तुम्ही किती वेळा आलात इथं?"

"गिऱ्हाइकं घेऊन? मोजलं नाही. चार-पाचशे वेळा आलो असेन."

"उतरून बघायचात?"

"त्यांचे फोटो होईपर्यंत बघायचो."

"घरी येऊन एकदाही सांगितलं नाहीत, कसं दिसतं ते."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मला न्या."

त्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. तिनं दार उघडलं, नळी सीटवर ठेवली आणि मागं न बघता चढ चालायला लागली. "अगं," असं त्यानं एकदा म्हटलं, पण त्याच्या आवाजात दोनशे पावलं चढायचा दम नव्हता.

भिंत होती. पुरुषभर उंच, पांढरी, वर काचा लावलेल्या. मध्ये पत्र्याचं मोठं फाटक, त्याला कुलूप. ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली. मग फाटकाच्या दोन झडपांमधल्या फटीला तिनं डोळा लावला. आत बाग होती, बागेच्या पलीकडे कठडा होता, आणि कठड्याच्या पलीकडे पाणी होतं. बोटभर रुंद, चकचकणारं. तेवढंच, पण तेच. ती बघत राहिली. बघता बघता तिचा डावा हात आपोआप बाजूला गेला, जसं कुणाला तरी "हे बघा" म्हणायला जावा तसा. आणि तिथं कुणी नव्हतं. बसमध्ये तो त्या बाजूला बसला होता.

ती खाली आली. तो तसाच स्टिअरिंग धरून बसला होता.

"दिसतं," ती म्हणाली. "फाटकाच्या फटीतून. बोटभर."

"बघितलंस ना? मग झालं. चल, वळवतो गाडी."

"झालं नाही. तुम्हाला यायचंय."

"मी चारशे वेळा बघितलंय गं."

"माझ्याबरोबर नाही."

तिनं मागं जाऊन दोन सेलांची बुचं काढून नळी बुडवली. सेल अजून उठले नव्हते. ऊन समोरच्या कड्यावरून वर सरकत चाललं होतं.

"आता निघू या," थोड्या वेळानं तो म्हणाला. "उजेड जाईल."

"अजून वीस मिनिटं. आत्ता हलवलं तर मध्येच बसेल, मग नाहीच."

"आणि वीस मिनिटांत अंधारलं तर?"

सव्वीस वर्षांत सेलशी तिनं कधी घाई केली नव्हती. घाई केली की ते फसवतात हे तिला पुरतं माहीत होतं. पण त्या वीस मिनिटांत तिनं उन्हाला जितकी विनवणी केली असेल तितकी जन्मात कुणालाही केली नव्हती. कड्यावरचं ऊन गेलं. मग आकाशाचा रंग गेला.

"चला," ती म्हणाली.

गाडी निघाली. दोनशे पावलं ती अशी चढली की आतली दोघं श्वास धरून बसली होती. फाटकापाशी येऊन ती आपणहून थांबली. त्यानं उतरून तिच्या खांद्यावर हात ठेवला, सावकाश फाटकापर्यंत गेला आणि फटीला डोळा लावला. ती त्याच्या उजव्या हाताला उभी राहिली.

तो बराच वेळ बघत होता.

"दिसतं?" तिनं विचारलं.

"दिसतं की."

मग तिनं डोळा लावला. आत अंधार होता. बागेतला एक दिवा लागला होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

"काय दिसलं तुम्हाला?"

आणि तो सांगायला लागला. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा कडेला लाल मातीची किनार कशी दिसते. सकाळच्या गिऱ्हाइकाबरोबर आलं तर धुकं तळ्यावरून कसं उठतं, एकदम नाही, एका कडेकडून. होड्या कशा उलट्या घालून ठेवतात. उतार लागला तरी तो बोलतच होता. इंजिन नाही, मोटरही नाही, नुसती चाकं; त्याचं हळू बोलणंसुद्धा नीट ऐकू येत होतं. तिला वाटलं, घर आणखी चौदा किलोमीटर लांब असायला हवं होतं.

पुढं टॅक्सीवाला दोन वर्षं जगला. तेवढी दोन वर्षं तो रोज टॅक्सी घेऊन बाजारात गेला आणि आला. कुणी लांबचा पत्ता सांगितला तर म्हणायचा, "बायकोला विचारा, सेल तिच्या ताब्यात आहेत." घाटावर जायचं, या वेळी सकाळी निघायचं, असं ती दोघं पुष्कळदा बोलली. पण सेल थकत गेले आणि तोही.

भंगारवाल्यानं पुढं फोर्कलिफ्टची प्रत्येक मोटर भावासाठी राखून ठेवली. भावानं नोकरी सोडून जुन्या गाड्या विजेवर करून द्यायचं दुकान काढलं. दूधवाल्याची, भाजीवाल्याची, एका शाळेची. आता ते त्याची मुलगी चालवते आणि भाऊ गल्ल्यावर बसून सगळ्यांना पिंपाची गोष्ट सांगतो. टॅक्सी दुकानाच्या मागं उभी होती. तिचे भाग एकेक करून दुसऱ्या गाड्यांत गेले.

बॅटरीबाई भावाकडे राहायला गेली आणि ऐंशी वर्षांची होईपर्यंत दुकानात सेल तपासत राहिली. विश्रामगृह बंद पडलं, भिंत पडली, तेव्हा भाची तिला नव्या गाडीतून माथ्यावर घेऊन गेली. वीस मिनिटं लागली. स्वच्छ सकाळ होती, तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होतं.

"आत्या, बघ की नीट. कसं आहे?"

"मोठं आहे," ती म्हणाली, आणि जरा वेळानं गाडीत जाऊन बसली.