कापलेल्या पदराचा किल्ट

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे. तांबड्या-काळ्या चौकडीचा, मागे चुण्याच चुण्या, आणि पुढच्या पदराची एक कड वरपासून खालपर्यंत कापलेली. आमच्या स्कॉटलंडच्या डोंगरांत पुरुष मला घागऱ्यासारखा कमरेला नेसतात. आत काय घालतात, हे तेवढं विचारू नका.

माझा जन्मच मारहाणीतला. मेंढीला उताणी पाडून तिची लोकर कातरली, उकळत्या रंगात बुडवली, मागावर ताणली. मग ते ओलं कापड लांब फळीवर टाकून गावातल्या बायकांनी गाणी म्हणत म्हणत आपटून आपटून बडवलं. असं केल्याने कापड दाट होतं म्हणे. त्या हसत होत्या आणि इकडे माझा जीव जात होता. तेव्हापासून माझा स्वभाव तापट झाला, तो कायमचाच.

माझा पहिला धनी लॉखलन मॅकॉरन, लोहार. माझी चौकडी त्याच्या कुळाची. आमच्याकडे माणसाचं नाव विचारण्याआधी त्याची चौकडी बघतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भांडण सुरू होतं. लॉखलन जत्रेला गेला की कुणाचा तरी दात पाडल्याशिवाय परतत नसे. माझ्या चुण्यांत दुसऱ्यांचं रक्त वाळून खडखडीत व्हायचं. लोक म्हणत, “किल्ट नेसावा तर लॉखलननेच!” मला त्याचा फार अभिमान वाटे. लहान होतो, अक्कल कमी होती.

लॉखलन गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे, फर्करकडे आलो. फर्करने लग्न केलं ते मॅकटारिशांच्या इशबेलशी, आणि तिथे माझे दिवस फिरले.

तीनशे वर्षांपूर्वी मॅकॉरन लोकांनी मॅकटारिशांची गुरं पळवली होती. जाता जाता त्यांच्या कोठाराला बाहेरून कडी घालून आग लावली. आत माणसं होती. आग लावणाऱ्यांच्या अंगावर हीच तांबडी-काळी चौकडी होती, असं मॅकटारिशांच्या घरात पोरांना अजून सांगतात. इशबेलने मॅकॉरनशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी, डूगल्डने, तिला दार बंद केलं होतं.

“तुझ्यावर माझा जीव आहे,” ती फर्करला म्हणायची, “पण हा नेसलास की तू दिसत नाहीस. ते कोठार दिसतं.”

मी पेटीत गेलो. कसर माझ्या कमरपट्ट्यापर्यंत पोचली. एकदा फर्करने मला उन्हात घालायला बाहेर काढलं, तर तिने तापलेली इस्त्रीच भिरकावली. त्याचं डोकं वाचलं, माझा एक कोपरा करपला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, मित्रांनो. पेटीत पडल्या पडल्या मी तिच्या नावाने दात-ओठ खात होतो.

मग एक दिवस निरोप आला. इशबेलच्या धाकट्या भावाचं, रानल्डचं लग्न ठरलं होतं आणि डूगल्डने दोघांनाही बोलावलं होतं. माहेरचं दार इतक्या वर्षांनी उघडत होतं. इशबेल मदतीला आधी निघाली. जाताना तिने पलंगावर फर्करची विजार इस्त्री करून ठेवली.

“ही घालून ये. एवढं एकच मागते.”

“सगळे किल्ट नेसून येणार आणि मी कारकुनासारखा जाऊ?”

“कारकुनासारखा ये, चालेल. आग लावायला आल्यासारखा येऊ नकोस.”

फर्कर त्या विजारीकडे बराच वेळ बघत बसला. मग उठून त्याने पेटी उघडली. “माझ्या बापाला घरी ठेवून मी कुणाच्याही दारात जाणार नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लग्नाचं जेवण डूगल्डच्या कोठारात होतं. आम्ही दारात उभे राहिलो आणि पावा वाजवणाऱ्याचा श्वासच अडकला. ताटं घेऊन आलेली इशबेल आम्हाला बघून पांढरीफटक पडली.

“बायांनो, गुरं आत बांधा!” डूगल्ड ओरडला. “मॅकॉरन आलाय.”

“तुमची गुरं कोण नेतंय, सासरेबुवा? नुसती हाडं तर आहेत.”

लोक हसले. तिथेच थांबायला हवं होतं. पण व्हिस्की फिरत होती, आणि नवरदेव रानल्ड डुलत डुलत आमच्यापाशी आला. त्याने माझा पदर मुठीत धरून खेचला. “बघू रे, याला अजून धुराचा वास येतो का!”

फर्करने त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बाकं उडाली, बाटल्या फुटल्या, कुणाच्या डोक्यात स्टूल बसलं. फर्करला चौघांनी लाथांनी तुडवलं, आणि त्या लाथा आधी माझ्यावर बसत होत्या. आमच्याकडे पुरुष मोज्यात छोटा सुरा खोचतात, लग्नात चीज कापायला. रानल्डने आपला उपसला. फर्करने धडपडत उठून त्याचं मनगट पिरगाळलं, दोघेही कोसळले, आणि सुरा रानल्डच्याच मांडीत मुठीपर्यंत घुसला. त्याने वेड्यासारखा तो ओढून काढला. रक्ताची चिळकांडी थेट माझ्यावर उडाली. ते कढत होतं.

हाणामारी तिथेच थांबली. इशबेल धावत आली. तिने आपला एप्रन फाडून मांडीला आवळला, पीळ देताच तो तटकन तुटला. दुसरा तुकडाही तुटला. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

तोच सुरा उचलून तिने माझा पुढचा पदर धरला आणि कमरेपासून खालपर्यंत चर्रकन कापला. फर्करने तिला कापू दिलं.

“तो कपडा माझ्या पोराला लावायचा नाही!” डूगल्ड किंचाळला.

“बाबा, पोरगं हवंय की वैर? लवकर सांगा, रक्त थांबत नाहीये.”

म्हातारा गुडघ्यांवर बसला. तिने पट्टीत लाकडी डाव अडकवून पीळ दिला आणि डूगल्डने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. बायकांनी बडवून बडवून दाट केलेली माझी वीण तुटली नाही. डॉक्टर येईपर्यंत मॅकटारिशांचं रक्त माझ्या चौकडीने अडवून ठेवलं.

रानल्ड वाचला. आयुष्यभर लंगडला, पण नाचला आणि भांडलाही.

घरी आल्यावर फर्कर मला शिंप्याकडे न्यायला निघाला. सुजलेल्या डोळ्यांनी त्याने इशबेलची माफी मागितली, म्हणाला, शिवून पेटीत ठेवतो, पुन्हा नेसणार नाही.

“नेस की,” ती म्हणाली. “मला अजूनही आवडत नाही. पण मिरवायची एवढी हौस आहे ना, मग असाच फाटका मिरव. कुणी विचारलं तर काय झालं ते सगळं सांगायचं. तुझ्या ठोशापासून.”

तो तसाच मिरवला, आणि दर वेळी सांगत गेला. सांगून सांगून त्याची मारायला आवळलेली मूठ सैल पडली.

आता ती दोघं नाहीत. त्यांची नात मला ब्रशने झाडते, कसर लागू देत नाही. काल तिने जुळत्या रंगाचं कापड आणून कापलेल्या कडेला लावून पाहिलं. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिला भेटलं तर माझं एवढं सांगा. मला जपा, ऊन दाखवा, भोकं रफू करा. पण ती कड जोडू नका. माझ्या अंगावर मार खाल्लेल्यांचं रक्त पुष्कळ सांडलं. वाचलेल्याचं तेवढं त्या कडेलाच आहे.